कागलचे गोखले आफ्रिकेत

१. ऊस आणि गिरमिट

ऊस आपल्याला नवा नाही. बिद्रीच्या शिवारात कुठेही उभे राहा, नजर उसावरच जाते. दिवाळी सरते, कारखान्याचे गळीत सुरू होते आणि लांबलांबून ऊसतोड टोळ्या येतात. टोळीबरोबर मुकादम असतो. टोळीने आगाऊ उचल घेतलेली असते. उचल घेताना कागद होतो. कागदावर कोणी सही करतो, कोणी अंगठा उठवतो. हे सगळे आपण दरसाल बघतो.

आता याच उसाची, पण फार दूरची हकिगत वाचू.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाजवळ, समुद्राच्या काठी, नाताळ नावाचा प्रांत होता. १४९७ साली वास्को द गामा हा पोर्तुगीज दर्यावर्दी ख्रिस्ती लोकांच्या नाताळ सणाच्या सुमारास त्या किनाऱ्यावरून गेला, म्हणून हे नाव पडले. पुढे तिथे इंग्रजांचे राज्य झाले. गोऱ्या मळेवाल्यांनी ऊस लावला. ऊस लावला खरा, पण राबणार कोण? तिथले झुलू लोक आपली गुरे आणि आपली शेती सोडून दुसऱ्याच्या मळ्यात वर्षभर राबायला तयार होईनात. मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

१६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' नावाचे जहाज मद्रासहून मजूर घेऊन दरबान बंदराला लागले. ते पहिले जहाज. तेव्हापासून १९११ पर्यंत सुमारे दीड लाख माणसे अशी नेली गेली. त्यांत तमिळ आणि तेलुगू मुलखातले पुष्कळ होते, बिहार आणि उत्तरेकडचेही पुष्कळ होते. दुष्काळ, कर्ज आणि भूक यांनी गाव सोडायला लावलेली ही माणसे.

जाण्यापूर्वी त्यांचा करार होई. कराराला इंग्रजीत 'ॲग्रीमेंट' म्हणतात. मजुरांच्या तोंडी त्याचे 'गिरमिट' झाले. सुताराचे भोक पाडायचे गिरमिट निराळे आणि हे गिरमिट निराळे. पण हेही माणसाला भोक पाडणारेच होते! पाच वर्षे एकाच मालकाकडे काम करायचे. मध्येच सोडायचे नाही. चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर जायचे नाही. गेला तर नुसती मजुरी कापून भागत नसे, तुरुंग होई. मजुरी पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, पुढे दरसाल एक शिलिंग वाढ. शिवाय शिधा आणि राहायला खोपटे.

हा कागद किती जणांना वाचता येत होता? फारच थोड्यांना. भरती करणारा दलाल जे सांगेल ते खरे. नाताळ कुठे आहे, जहाजाला किती दिवस लागतात, परत कसे यायचे, हे माहीत नसताना माणसांनी अंगठे उठवले.

२. आठ रुपयांचे शिक्षण

या मजुरांची बाजू घेऊन आफ्रिकेला गेलेला एक मोठा माणूस लहानपणी आपल्या तालुक्याच्या गावी, कागलला, वाढला. गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे नाव. थोर देशभक्त म्हणून आपण त्यांना ओळखतो. शाळेच्या भिंतीवर त्यांचे चित्रही पाहिलेले असते. पण ते आपल्या कागलचे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव कागल जहागिरीत नोकरीला होते. त्यामुळे गोपाळरावांची पहिली शाळा कागलची. पुढे इंग्रजी शिकायला ते आणि थोरले भाऊ गोविंदराव कोल्हापुरास गेले.

१८७९ साली वडील वारले. तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा आणि गोविंदराव अठराचे. घरात दुसरे मिळवते कोणी नाही. गोविंदरावांनी स्वतःची शाळा सोडली आणि कागलला महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाला कोल्हापुरास पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत सारे घर चालवीत. कोल्हापुरात दिव्याचे तेल वाचवण्यासाठी गोपाळ रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास करी, असे सांगतात. १८८१ साली तो मॅट्रिक झाला. आता कॉलेजचा खर्च आला. तेव्हा वहिनींनी आपले दागिने काढून द्यायची तयारी दाखवली, असेही त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १८८४ साली गोपाळराव बी. ए. झाले.

हे आठ रुपये ध्यानात ठेवा. पुढे हाच माणूस परक्या मुलखातल्या लोकांसाठी पैसा गोळा करायला उभा राहिला. पोटाला चिमटा काढून दिलेल्या पैशाची किंमत काय असते, हे त्याला कागलच्या घरातच कळले होते.

पुढे गोपाळराव पुण्यात शिक्षक झाले, फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज ही संस्था काढली. त्याच साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ते सभासद होते. तिथे १९१० साली त्यांनी ठराव मांडला की, नाताळला गिरमिटी मजूर पाठवणे बंद करावे. ठराव मान्य झाला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली.

३. तीन पौंडांचा कर

भरती थांबली. पण जे आधीच गेले होते त्यांचे काय?

पाच वर्षे भरली की मजूर मोकळा होई. कोणी भाजीपाला लावी, कोणी फेरीचा धंदा करी. हे गोऱ्या वसाहतवाल्यांना खुपू लागले. हिंदी माणूस मजूर म्हणून हवा होता, शेजारी म्हणून नको होता. म्हणून १८९५ साली नाताळ सरकारने कायदा केला. गिरमिट संपलेल्या माणसाने एक तर मायदेशी परत जावे, नाहीतर पुन्हा गिरमिटात अडकावे. दोन्ही करायचे नसेल तर दरसाल तीन पौंड कर भरावा.

तीन पौंड म्हणजे किती? १९१२ च्या सुमारास एक पौंडाचे पंधरा रुपये होत. म्हणजे कर झाला पंचेचाळीस रुपये. गिरमिट्याची पहिल्या वर्षाची मजुरी महिना दहा शिलिंग, म्हणजे साडेसात रुपये. सहा महिने राबावे तेव्हा एका माणसाचा कर निघे. तोही नुसत्या पुरुषाला नव्हता. बाईला होता, सोळा वर्षांवरच्या मुलाला होता, तेरा वर्षांवरच्या मुलीलाही होता. घरात नवरा-बायको, एक मुलगा आणि एक मुलगी असली तर वर्षाला बारा पौंड. इतके आणायचे कुठून? कर थकला की तुरुंग, नाहीतर पुन्हा गिरमिट. म्हणजे पायातली बेडी काढायची आणि हातात घालायची, असला प्रकार.

ट्रान्सवाल प्रांतात आणखी निराळा जुलूम होता. तिथल्या हिंदी माणसाने सरकारात नाव नोंदवायचे, दाही बोटांचे ठसे द्यायचे आणि परवाना जवळ बाळगायचा. याविरुद्ध मोहनदास गांधी नावाच्या तरुण वकिलाने लढा सुरू केला होता. हातात शस्त्र न घेता, कायदा मोडून शांतपणे तुरुंगात जायचे, असा हा लढा. त्यालाच सत्याग्रह म्हणतात.

गांधीजी आणि गोखले यांची पहिली भेट १८९६ साली पुण्यात झाली होती. गांधीजी त्यांना आपले राजकारणातले गुरू मानीत. आमची स्थिती एकदा डोळ्यांनी बघून जा, असे त्यांचे गोखल्यांना सारखे बोलावणे होते.

४. जहाज, आगगाडी आणि मराठी भाषण

१९१२ साली गोपाळराव विलायतेत होते. मधुमेहाने प्रकृती पोखरलेली. तरी ते ऑक्टोबरमध्ये जहाजावर चढले आणि २२ ऑक्टोबरला केप टाउन बंदरात उतरले. गांधीजी स्वागताला हजर होते. तिथून पुढचे सुमारे चार आठवडे गांधीजी त्यांच्या सावलीसारखे बरोबर राहिले. चिटणीसही तेच, दुभाषीही तेच आणि सेवा करणारेही तेच.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने गोखल्यांसाठी आगगाडीचा खास डबा दिला. ज्या देशात हिंदी माणसाला वरच्या वर्गाच्या डब्यातून बाहेर काढीत, त्याच देशात हा हिंदी पाहुणा सरकारी डब्यातून फिरला. वाटेत हिऱ्यांच्या खाणींचे किंबर्ली गाव लागले. पुढे सोन्याच्या खाणींचे जोहान्सबर्ग. तिथे स्टेशनावर कमान उभारली होती आणि शहराचा गोरा महापौर स्वागताला आला होता. हिंदी लोकांनी मानपत्र दिले ते तिथल्याच सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले.

जोहान्सबर्गला मोठी मेजवानी झाली. चारशे पाने मांडली होती, त्यांत दीडशेच्या वर गोरे पाहुणे. जेवण निव्वळ शाकाहारी, दारूचा थेंब नाही. या मेजवानीला गोपाळरावांना एक उपरणे घ्यायचे होते. ते न्यायमूर्ती रानडे यांनी दिलेले, म्हणून जिवापाड जपलेले. त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. गांधीजी म्हणाले, मी इस्त्री करून देतो. गोपाळराव म्हणाले, तुमच्या वकिलीवर माझा भरवसा आहे, पण धोबीकामावर नाही. डाग पडला तर काय करू? तरी गांधीजींनी आग्रह धरला आणि इस्त्री झकास केली.

आणखी एक गोष्ट आपण मराठी माणसांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. जोहान्सबर्गमध्ये कोकणातले मुसलमान होते, काही मराठी हिंदूही होते. गोपाळराव इंग्रजीत बोलणार होते. गांधीजींनी सुचवले, या लोकांसाठी तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्तानीत सांगतो. गोपाळराव हसले. म्हणाले, तुमचे हिंदी किती आहे ते मला ठाऊक आहे, मराठी तुम्ही कुठे शिकलात? गांधीजींनी सरळ सांगितले, मराठी मला बोलता येत नाही, पण ओळखीच्या विषयावर तुम्ही बोललात तर मतलब कळेल. अखेर गोपाळराव मराठीत बोलले आणि पुढेही अशा सभांत झांजिबारपर्यंत मराठीतच बोलत राहिले. इंग्रजी भाषणासाठी ज्यांचे नाव विलायतेत होते, त्या माणसाने आफ्रिकेत साध्या माणसांपुढे आपली बोली वापरली. ऐकणाऱ्याला समजावे, एवढ्यासाठी.

जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर टॉलस्टॉय फार्म नावाची वाडी होती. कॅलनबाख नावाच्या गोऱ्या मित्राने ती जमीन सत्याग्रह्यांच्या कुटुंबांना राहायला दिली होती. गोपाळराव विश्रांतीला तिथे गेले. स्टेशनापासून दीड मैल चालायचे होते, त्यात पाऊस आला आणि त्यांना सर्दी झाली. त्यांच्यासाठी मुद्दाम खाट आणली होती. पण बाकी सगळे जमिनीवर निजतात हे कळल्यावर त्यांनी खाट काढायला लावली आणि जमिनीवर अंथरूण घातले. पाय चेपून घ्यायलाही ते तयार झाले नाहीत.

५. ऐकून घेतले, मग बोलले

नोव्हेंबरमध्ये गोपाळराव नाताळात गेले. दरबानला आणि उसाच्या मुलखात त्यांनी मजुरांची गाऱ्हाणी त्यांच्याच तोंडून ऐकली. कर किती थकला, तुरुंग कितीदा झाला, बायकापोरांचे काय हाल, हे माणसे पुढे येऊन सांगत होती.

इथे थोडे थांबून विचार करू. मदत करायला जाणारे पुष्कळ असतात. पण आधी ऐकून घेणारे थोडे. गोपाळरावांनी प्रथम ऐकले, मग कागदपत्र वाचले, मग बोलले. प्रिटोरियाला मंत्र्यांची भेट ठरली तेव्हा गांधीजींनी वीस वर्षांची सगळी हकिगत लिहून दिली. ती वाचून मनात पक्की बसेपर्यंत गोपाळराव रात्री झोपले नाहीत आणि जवळच्यांनाही त्यांनी झोपू दिले नाही. एकेक शंका काढून विचारून घेतली.

१४ नोव्हेंबरला भेट झाली. पंतप्रधान जनरल बोथा आणि मंत्री जनरल स्मट्स हे समोर होते. परत येऊन गोपाळराव आनंदाने म्हणाले की, सगळे ठरले. काळा कायदा जाईल, तीन पौंडांचा कर जाईल, आता तुम्ही वर्षभरात हिंदुस्थानात या. गांधीजींना इतका भरवसा वाटला नाही. पण ते म्हणाले, शब्द मिळाला हेच पुष्कळ. उद्या लढायची पाळी आली तर आपली बाजू सत्याची आहे हे यातून सिद्ध होईल.

गोपाळराव मोझांबिक आणि झांजिबारच्या वाटेने निघाले आणि १३ डिसेंबर १९१२ ला मुंबईत पोचले.

६. दीड पौंड पाव आणि एक औंस साखर

१९१३ साली मंत्र्यांनी सांगितले, कर काढायचा शब्द आम्ही दिलाच नव्हता. त्यातच मार्च महिन्यात तिथल्या न्यायालयाचा एक निकाल आला. ख्रिस्ती पद्धतीने न लागलेले लग्न कायद्याने लग्न नव्हे, असा त्याचा अर्थ निघाला. म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी बायका कायद्याच्या नजरेत बायकाच नव्हेत! बायाही खवळल्या. कस्तुरबा आणि त्यांच्या सोबतिणी सप्टेंबरात तुरुंगात गेल्या.

लढा सुरू होण्याआधी गोपाळरावांनी गांधीजींना विचारले होते, तुमच्याजवळ माणसे किती? गांधीजींनी नावे लिहून पाठवली. जास्तीत जास्त पासष्ट-सहासष्ट, कमीत कमी सोळा. इतक्या थोड्यांसाठी पैसा नको, असेही कळवले. पण ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलच्या कोळसा खाणीतले मजूर काम टाकून बाहेर पडले आणि सगळे गणित बदलले. खाणवाल्यांच्या चाळी सोडून माणसे, बाया आणि पोरे उघड्यावर आली. त्यांना खायला घालायचे कसे?

६ नोव्हेंबर १९१३ ला ही माणसे ट्रान्सवालची हद्द ओलांडायला पायी निघाली. २,०३७ पुरुष, १२७ बाया आणि ५७ मुले. रोजचा शिधा माणशी दीड पौंड पाव आणि एक औंस साखर. आपल्या मापात सांगायचे तर पाऊण किलोला थोडा कमी पाव आणि सुमारे अडीच तोळे साखर. वाटेत एका बाईचे मूल गारठ्याने गेले. दुसरीचे मूल ओढा उतरताना हातातून निसटून वाहून गेले. त्या आया तरीही पुढे चालल्या. गांधीजींना चार दिवसांत तीनदा पकडले. मजुरांना गाडीत घालून परत नेले, खाणींच्या आवारालाच तुरुंग ठरवले आणि तिथे कामाला जुंपले. मग समुद्रकाठच्या उसाच्या मळ्यांतही संप पसरला. गोळीबार झाला. माणसे मेली.

इकडे पुण्यात गोपाळराव आजारी होते. डॉक्टर म्हणत, पडून राहा. ते अंथरुणातून तारा लिहीत होते. आफ्रिकेतल्या सत्याग्रहासाठी निधी उभारायचे काम त्यांनी अंगावर घेतले. रतन टाटा यांनी १९०९ साली पंचवीस हजार रुपये दिले होते, पुढेही मोठ्या रकमा दिल्या. श्रीमंतांनी दिले, तसे साध्या माणसांनीही दिले. हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलातल्या मुलांनी आपले दूध-तूप कमी केले, अंगमेहनत केली आणि तो पैसा गोखल्यांकडे पाठवला. अँड्र्यूज नावाच्या इंग्रज पाद्र्यांनी आपली साठवलेली पुंजी निधीला दिली. या अँड्र्यूजना आणि त्यांचे मित्र पिअर्सन यांना गोपाळरावांनी आफ्रिकेला जाण्याची विनंती केली. दोघे जानेवारी १९१४ च्या आरंभी दरबानला उतरले आणि समझोत्याच्या बोलण्यात त्यांनी गांधीजींना मदत केली.

पैसा आला तो कुणाच्या पेटीत अडकला नाही. पावाला गेला, साखरेला गेला, तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांना गेला. गांधीजी खर्चाचे हिशेब लिहीत आणि कळवीत. लोकांच्या पैशाचे काम असेच करावे लागते. दहा रुपये असोत की दहा हजार, हिशेब चोख हवा. गावातल्या मंडळांनी आणि बचत गटांनीही हे ध्यानात ठेवावे.

७. कर गेला

१९१४ साली दक्षिण आफ्रिकेत नवा कायदा झाला. तीन पौंडांचा कर रद्द झाला. हिंदी लोकांची लग्ने कायदेशीर ठरली. त्याच साली फेब्रुवारीत वल्लिअम्मा नावाची सोळा वर्षांची तमिळ मुलगी वारली. तुरुंगात तिला ताप लागला होता, सुटून आल्यावर काही दिवसांतच ती गेली. कर गेलेला तिने पाहिला नाही.

१८ जुलै १९१४ ला गांधीजींनी आफ्रिका सोडली. ९ जानेवारी १९१५ ला ते मुंबईत उतरले. गुरु-शिष्यांची भेट झाली, पण थोड्याच दिवसांची. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोपाळराव वारले. वय अवघे अठ्ठेचाळीस. गिरमिटाची सगळी पद्धत बंद करावी असा ठराव त्यांनी १९१२ साली मांडला होता, तो तेव्हा फेटाळला गेला. पण १९१७ साली भरती थांबली आणि १९२० मध्ये ही पद्धत कायमची गेली.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. हा लढा हिंदी लोकांपुरता होता. त्या भूमीचे खरे धनी जे काळे आफ्रिकी लोक, त्यांचे दुःख याहून मोठे होते. १९१३ सालीच तिथे जमिनीचा कायदा झाला आणि देशातली बहुतेक जमीन त्यांना विकत घ्यायला बंद झाली. १९४८ नंतर तर रंगभेद हेच सरकारचे धोरण झाले. १९४६ साली आपल्या देशाने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. १९९४ साली काळ्या-गोऱ्या सर्वांनी मत दिले आणि नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा कुठे तो अंधार सरला. आज त्या देशात गिरमिट्यांची पणतवंडे बरोबरीचे नागरिक म्हणून राहतात.

८. अंगठा आणि अक्षर

गोपाळरावांची आणखी एक तळमळ होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना गावोगाव सक्तीचे शिक्षण सुरू करता यावे, असे विधेयक त्यांनी १९११ साली मांडले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. त्याच वर्षी ते आफ्रिकेला गेले. मला वाटते, या दोन गोष्टी एकच आहेत. शिकलेला माणूस कागद वाचतो, दोन प्रश्न विचारतो आणि मग सही करतो. न शिकलेला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. नाताळच्या जहाजात चढलेल्या माणसांत कष्टाची उणीव नव्हती, हिमतीचीही नव्हती. उणीव अक्षराची होती.

जे इंग्रज सरकारने नाकारले ते आपल्या कोल्हापुरात झाले. कागलच्याच घाटगे घराण्यात जन्मलेले राजर्षी शाहू महाराज यांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले.

मोठेपणी शिकायला बसणे सोपे नाही, हे मी जाणतो. दिवसभर काम केलेला हात पेन्सिल धरताना थरथरतो, शेजारीपाजारी हसतात. हसू द्या. उद्या कोणी कागद पुढे केला तर तुम्ही तो स्वतः वाचाल. रक्कम अक्षरी आणि आकड्यांत एकच आहे ना, मुदत किती, मोडल्यास काय, हे विचाराल. न कळले तर म्हणाल, उद्या सांगतो. एवढे साधले की शिकल्याचे सार्थक झाले.

नवे शब्द
गिरमिट — मजुरीचा करार. उचल — कामाआधी घेतलेले पैसे. दुभाषी — एका भाषेतले बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा. मानपत्र — गौरवासाठी लिहून दिलेले पत्र. रंगभेद — कातडीच्या रंगावरून केलेला भेद.

प्रश्न
१. गोविंदरावांनी शाळा का सोडली?
२. तीन पौंडांच्या करामुळे मजूर पुन्हा गिरमिटात कसा अडके?
३. गोपाळराव आफ्रिकेत मराठीत का बोलले?
४. टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी खाट का काढायला लावली?

हिशेब करा
१. एक पौंड म्हणजे पंधरा रुपये. बारा पौंडांचे रुपये किती?
२. पंधरा रुपयांतून आठ गेले तर उरले किती? त्यात घर कसे चालवले असेल, ते आपसात बोला.

करून पाहा
घरातला एखादा कागद आणा. विजेचे बिल, सोसायटीची पावती, बँकेचे पुस्तक, काहीही चालेल. त्यावरचे आपले नाव, तारीख आणि रक्कम शोधा आणि मोठ्याने वाचा. मग खाली आपली सही तीनदा काढा.